पिशवी पुन्हा दारात

...आणि पिशवी पुन्हा दारात! कडीला अडकवलेली, वर चिठ्ठी : 'मिश्र कचरा. स्वीकारला जाणार नाही.' तुम्हाला सांगतो, ही तिसरी वेळ. टाकायला माझी ना नाही हो, पण घ्यायला कुणी तयार हवं ना!

पहिल्यांदा कपात बुडवायच्या त्या चहाच्या पुड्या परत आल्या. का? तर म्हणे चोथा ओला, कागद सुका, दोरा वेगळा आणि पिन धातूची! एका कपामागे चार डबे! बायको होती तेव्हा हे सगळं ती बघायची. मला वाटायचं, कचरा आपोआप जातो. तिला जाऊन सात महिने झाले... ते असो.

मुलीचा फोन. "बाबा, आईचं निदान आरशापुढचं तरी काढा आता. किती दिवस बघत बसणार?" काढलं! क्रीमच्या बाटल्या धुऊन, वाळवून, शहाण्यासारख्या दिल्या. गेल्या. कंगवा दिला, तो परत!

गेलो खाली. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी डब्यांपाशी पहाऱ्यालाच उभे. "काका, नियम म्हणजे नियम. कंगवा सुका, केस वेगळे. केस काढून द्या, आनंदाने घेऊ." म्हटलं, अहो, सात-आठ केस असतील. "आज सात-आठ सोडले तर उद्या गादी येईल!" आलो वर.

बसलो खिडकीशी, कंगवा घेऊन. एक केस सुटला... टोकाला काळा, मुळाशी पांढरा. शेवटी शेवटी रंग लावायचा राहूनच गेला होता. तो पुन्हा दातांत नीट अडकवला आणि कंगवा तसाच पिशवीत. टाकायला माझी ना नाही हो! पण ही पिशवी पुन्हा दारात...

तीच घेऊन परत खाली. कचरा निवडणाऱ्या मावशींनी आत डोकावून पाहिलं, हळूच म्हणाल्या, "आणा साहेब, मी काढते केस. दोन मिनिटांचं काम." केवढा चांगुलपणा! आणि मी काय करावं? पिशवी त्यांच्या हातातून हिसकावली आणि चार मजले जिन्याने वर! लिफ्ट चालू असताना!

याला महिना झाला. काल दारावर हिरवा कागद : 'आदर्श घर. महिनाभर एकही तक्रार नाही.' सेक्रेटरी माझा हात हातात घेऊन हलवून हलवून विचारतायत, "काका, कमाल केलीत! जमवलंत कसं?"

जमवायचंय काय त्यात... चहासुद्धा बाहेर पितो हो. महिनाभर घरातून काही टाकलेलंच नाही!