भांडुपहून भारत बोलतोय

...नाही, पण मला एक सांगा, देश एकट्यानं चालवायचा म्हणजे माणसानं किती चालवायचा? तुम्ही हसाल, पण तुम्हाला सांगतो, मी भारत आहे. म्हणजे तुम्हीही आहात, नाही म्हणत नाही, पण तुम्ही त्यातले एक, मी सगळाच्या सगळा! निलेश परब, शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुणारा माणूस, मुक्काम भांडुप पश्चिम, टेकडीवरची चाळ, आणि दर तीन महिन्यांनी इंटरनेटवर एक गाण्यांची स्पर्धा होते, तिच्यात भारत. सरकार-बिरकार कोणी नाही, सगळा हौशी कारभार. एक्केचाळीस देश, प्रत्येक देशाचा एक वेडा, त्यानं आपल्या देशातलं एक गाणं पाठवायचं, मग सगळ्यांनी सगळ्यांची गाणी ऐकायची, स्वतःला सोडून बाकीच्यांना पॉइंट द्यायचे, सगळ्यात आवडलं त्याला बारा, मग दहा, मग आठ, असं खाली खाली एकपर्यंत. जिंकणाऱ्याला बक्षीस काय? काही नाही. पुढची स्पर्धा त्यानं भरवायची, एवढाच मान.

आता चार वर्षं झाली, पण आम्ही एकमेकांना नावानं ओळखतच नाही हो. फिनलंड म्हणजे एक रिटायर्ड पोस्टमन, सध्या तोच सगळं भरवतो, नियमांचा असा पक्का की शिंकला तरी नियम बघून शिंकेल. आइसलँड हॉस्पिटलात नर्स आहे. ग्रीस कधी वेळेवर आलेला नाही. आणि मी मतदानाला बसलो, कानात हेडफोन, समोर एक्केचाळीस गाणी, वही, पेन... की अनुपमा, म्हणजे माझी बायको, आतून ओरडणार, "ओ भारत, दूध उतू चाललंय!" देश चालवणं सोपं नाही हो.

आणि एवढं करून निकाल काय? सलग तीनदा शेवटचा! एकदा वांद्र्याच्या पोरांचा बँड पाठवला, तर नॉर्वे म्हणाला, असे बँड आमच्या गल्लीत चार आहेत. मग सतार पाठवली, तर सगळ्यांनी लिहिलं, "इंटरेस्टिंग". इंटरेस्टिंग म्हणजे शून्य, हे मला तेव्हा कळलं. तिसऱ्या खेपेला काय पाठवलं ते विचारूच नका. बरं, मतं तरी कशी पडतात? स्वीडन नॉर्वेला देणार, नॉर्वे स्वीडनला, सायप्रस डोळे मिटून ग्रीसला. आपला शेजारी कोण? नेपाळ. मला वाटलं, घरचं माणूस. त्यानं बारा दिले पोर्तुगालला! पुढच्या वेळी पुन्हा पोर्तुगाल. त्याच्या पुढच्या वेळी मी विचारलंच, बाबा रे, तुमचं नातं तरी काय? तर म्हणतो, "दाइ, गीत राम्रो थियो." गाणं चांगलं होतं म्हणे.

पण खरी मेख पुढेच. नियम असा की सलग चार वेळा शेवटचा आलात तर तुमचा देश काढून घेतात आणि वेटिंग लिस्टवरच्या माणसाला देतात. भारतासाठी वेटिंगवर कोण, तर टोरांटोचा कोणी चंद्रप्रकाश, दोन वर्षं टपून बसलेला. मला रोज सकाळी मेसेज टाकायचा, "भाईसाब, तबियत कैसी है?" तुम्हाला सांगतो, माझी झोप उडाली. शाळेत मला कोणी विचारत नाही, सोसायटीच्या मीटिंगला माझा हात वर दिसत नाही, आयुष्यात एक गोष्ट हाताला लागली होती, भारत, आणि तोही जाणार होता.

मग मला आठवले धोंडूकाका. माझे सख्खे काका, वय चौऱ्याहत्तर, गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम केलं, पण खरा माणूस भजनातला, बुवा! आमच्या कोकणी लोकांत डबलबारी असते, दोन बुवा समोरासमोर बसून भजनाचा सामना करतात, तशी काकांनी तीस वर्षं केली, आणि तीस वर्षांत लोकांनी एकदाही "धोंडूबुवा जिंकला" म्हटलं नाही. मी गेलो, म्हटलं, काका, तुमचा एक गजर पाहिजे, भजनातला शेवटचा तो जोरातला, पण तीन मिनिटांत बसवा, नियम आहे. काका म्हणाले,

"तीन मिन्टात? तीन मिन्टात माझो घसो पण मोकळो होवचो नाय, झिला."

कसेबसे तयार झाले. गुरुवारी संध्याकाळी देवळामागच्या खोलीत अख्खं मंडळ जमलं, मी मोबाइल चालू करून मध्ये ठेवला, आणि म्हटलं, करा सुरू. सुरू? नारळ कुठे आहे? गाऱ्हाणं कुठे आहे? देवाला सांगितल्याशिवाय पेटीला हात लावणार नाहीत ते! पळत जाऊन नारळ आणला. काका उभे राहिले, आमचा पखवाजवाला लवू तिकडे पखवाज जमवतोय, धिन... धिन... झांजवाला त्याच्या मागून हळूहळू, आणि काकांनी घातलं गाऱ्हाणं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान डोक्यावर देश घेतल्यान हा, तो तेच्या हातसून जावचो नाय असा कर रे म्हाराजा!" की आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!" "साता समुद्रापलीकडसून कोणाची वाकडी नदर आसात, ती ह्या नारळाबरोबर फोडून टाक रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" अजून काय काय मागितलं, माझं लक्ष घड्याळाकडे, आम्ही आपले हात जोडून दर वेळी व्हय म्हाराजा. मग गजर झाला, नऊ मिनिटं! त्यातली तीन मी रात्रभर... नाही, खोटं कशाला बोलू, अनुपमानं कापून दिली, गाऱ्हाणं वेगळ्या फाइलीत ठेवलं, मला ते जमत नाही. सकाळी शाळेत जायच्या घाईत मी पाठवून दिलं.

दुपारी फिनलंडचा मेल. गाणं मिळालं, दोन मिनिटं चाळीस सेकंद, नियमात बसतं. दोन चाळीस? आमचं तर बरोब्बर तीन होतं! उघडून बघतो तर काय... बा देवा म्हाराजा! मी गाऱ्हाणं पाठवलं होतं! भारताकडून नारळ ठेवतानाचं बोलणं! फिनलंडला हातापाया पडलो, बदलून दे. पण पोस्टमन माणूस, पेटीत पडलेलं पत्र परत देतो का? वाट लागली. काकांना सांगायची हिंमत नाही, आणि चंद्रप्रकाशचा मेसेज आला, "भाईसाब, सब कुशल?" देश चालवणं सोपं नाही हो.

निकाल दोन आठवड्यांनी, रविवारी संध्याकाळी पाच वाजता, व्हिडिओवर, एकेक देश येऊन आपले पॉइंट सांगणार. मला एकट्याला मान खाली घालून बघायचं होतं, तर काकांनी अख्खं मंडळ घरी बोलावलेलं, टीव्हीला जोडा म्हणाले. पहिले सहा देश, भारताचं नाव नाही. अनुपमा माझ्याकडे बघेना. मग आली आइसलँड, नर्सच्या गणवेशात, मागे चार नर्सा, ती म्हणाली, आमचे बारा पॉइंट... श्वास घेतला... आणि पाचही जणी छातीवर हात ठेवून, "ओय महाराया!"

आमचंच व्हय म्हाराजा, त्यांच्या तोंडात! मग एस्टोनिया, "ओय महाराया!" माल्टा, दहा. स्वीडननं नॉर्वेला सोडून आम्हाला दिले, स्वीडननं! नॉर्वे म्हणाला, हे आमच्या गल्लीत नाही. आइसलँडनं नंतर लिहिलं, शब्द एक कळला नाही, पण एक म्हातारा काकुळतीनं काहीतरी मागतो आणि बाकीचे सगळे त्याला हो म्हणतात, वॉर्डात आम्हाला हे रोज हवं असतं. शेवटी उरला नेपाळ, आणि पोर्तुगाल आमच्या पुढे तीन पॉइंटांनी! मी डोळे मिटले. नेपाळ म्हणाला, दहा पॉइंट, पोर्तुगाल. आता तेरा पॉइंटांची तफावत, आणि देता येतात फक्त बारा... मेलो. तेवढ्यात फिनलंड मध्ये बोलला, नियम सात, ग्रीसनं मतं उशिरा पाठवली, म्हणून ग्रीसचे सगळे पॉइंट रद्द. पोर्तुगालला ग्रीसचे आठ होते, आम्हाला एकही नाही! आणि नेपाळनं हात जोडले, "बाह्र अंक... व्हय म्हाराजा!" हा एकटा शब्द नीट बोलला हो, शेजारी तो शेजारीच.

भारत जिंकला! लवूनं पखवाजावर थाप मारली, अनुपमा गॅलरीत जाऊन सगळ्या चाळीला सांगत सुटली. मी काकांना खरं सांगितलं, गजर गेलाच नव्हता. काका म्हणाले, "तीस वर्सां आलाप घेऊन घेऊन मेलंय, कोणी नंबर देऊक नाय. आणि नारळ ठेवताना बोललंय, तेका बारा?" आणि हसता हसता रडायला लागले. मीही रडलो, सांगायला लाज कसली?

चंद्रप्रकाशचा मेसेज आला, "बधाई हो, भाईसाब." आणि त्याच्या खाली फिनलंडचा, अभिनंदन, पुढची स्पर्धा तुमच्याकडे, सोबत नियम, पाने बावन्न.

तेव्हापासून बघा! एक्केचाळीस देश माझ्या डोक्यावर. ग्रीसला आत्ताच मुदतवाढ हवीय. फ्रान्सचं गाणं चार मिनिटांचं, पोर्तुगाल बोलत नाही, आणि अनुपमा आतून ओरडते, "ओ जग, दूध उतू चाललंय!" वैतागून काकांकडे गेलो, म्हटलं, देश ठीक होता हो, हे सगळं कोणी मागितलं होतं? काकांनी शांतपणे ती दोन चाळीसची फाइल लावली. शेवटचं मागणं, मी कधी नीट ऐकलंच नव्हतं...

"आणि फुडचो सगळो कारभार ह्याच्याच दारात, ह्याच्याच हातान करून घे रे म्हाराजा!"

आणि त्याच्यावर, लवूपेक्षा, झांजवाल्यापेक्षा, अख्ख्या मंडळापेक्षा मोठ्यानं ओरडणारा आवाज कोणाचा? माझा. आता काय बोलणार... व्हय म्हाराजा.