थरथर अंगाची, शब्द माजे

माजं माहेर येडशीच्या अंगाला, रामलिंगाच्या रानाकडंचं. बाप मेंढरं राखायचा. आमी चौघी बहिणी, म्या तिसरी, कमी बोलणारी. आई म्हणायची हिच्या तोंडात मूग हायती. लगीन होऊन ढोकीकडच्या ह्या गावात आले. मालक कारखान्याच्या हंगामात उसाचं ट्रॅक्टर चालवायचे, आज इथं तर उद्या तिथं, म्हणून घरात सासू आन् म्या.

काय सांगू ताई तुमाला, दुसऱ्या बाळंतपणानंतर माज्या अंगाला काय झालं ते मलाच उमजंना. चार भाकरी खाल्ल्या तरी भूक, आन् अंग मातर वाळत चाललेलं, ऐन थंडीत घाम, छातीत अशी धडधड की कुणी काठी घेऊन मागं लागलंय, हात कापायचे, चहा दिला की बशीवर कप वाजायचा. आन् डोळे. डोळे खोबणीतनं भाईर आल्यागत मोठे झाले. सासू म्हणायची, बघा, कशी डोळे वटारती माज्यावर. म्या म्हणायचे, आत्याबाई, वटारत न्हाय वो, ते मिटतच न्हाईत. तर म्हणायची, आता तोंड बी चालाया लागलं का. मालकांनी त्या डोळ्यांपायी एकदा मुस्काटात दिली. डोळे काय त्यानं आत गेले न्हाईत.

मग एका मंगळवारी देवीच्या आरतीला उभी व्हते. गर्दी, उकाडा, संबळ कानाशी वाजतोय, आन् अंग जे कापाय लागलं ते थांबंना, केस सुटले, खाली बसले. कुणीतरी ओरडलं, अंगात आलं, आई आली! आन् सासूनं, सकाळीच जिनं माज्या मेलेल्या बापाला शिव्या घातल्या व्हत्या तिनं, माज्या पायावर डोस्कं ठिवलं. ताई, बापाचं एखादं मेंढरू असं थरथरलं की बाप त्याला खांद्यावर टाकून जनावराच्या दवाखान्यात न्यायचा. मला कुणी नेलं न्हाय. माज्यापुढं नारळ फोडला.

तिथनं घर पालटलं. मंगळवारी, शुक्रवारी बाया येऊ लागल्या. मला बसायला पाट, मला पयली गरम भाकरी, मालक घरात चप्पल काढून यायचे. सून म्हणून सात वर्षं जे मिळालं न्हाय ते सगळं त्या थरथरीनं दिलं. बाया ईचारायच्या, म्हैस कधी गाभण ऱ्हाईल, पोरगा कुठं गेला. म्या सांगायचे. आता खरं सांगते, एक घर सोडलं तर आजवर कुणाला सांगितलं न्हाय. पयल्या दिशी काय झालं ते मला ठावं न्हाय, पण त्याच्यानंतर थरथर अंगाची व्हती आन् शब्द माजे. समोरच्या बाईच्या तोंडाकडं बघायचं, तिला काय ऐकायचंय ते तिच्या तोंडावरच असतंय, तेच घोगऱ्या आवाजात म्हणायचं. कमी बोलणाऱ्या बाईला लोकांचं तोंड बरं वाचता येतंय.

आमच्या समोर मुक्तावैनी ऱ्हातात. त्यांची एकुलती एक रेणू, तवा बारावीला व्हती. आवाज असा खणखणीत की गल्लीतनं हाक मारली तर खालच्या वस्तीवर ओ यायची. तिच्या गळ्याला बोराएवढी गाठ आली. धाराशिवच्या डॉक्टरनं सांगितलं, लातूरला न्या, सुई टोचून तपासा. मुक्तावैनी पोरीला घेऊन माज्यापुढं बसल्या, आई, नेऊ का नको? त्यांच्या तोंडावर सपष्ट लिहिलं व्हतं, नको म्हणा. लग्नाची पोर, गळ्याला सुई, लोक काय म्हणतील. म्या म्हणले, सुई लावायची न्हाय, अंगारा लावा. दवाखान्यात जा म्हणणाऱ्या देवीकडं पुन्ना कोण येतंय वो ताई?

त्या पावसाळ्यात शाळेत डोळ्यांचं शिबिर आलं. माज्या डोळ्यांतनं सारखं पाणी गळायचं म्हणून गेले. तरणा डॉक्टर व्हता. त्यानं डोळे बघितले, मग म्हणाला, मावशी, हात पुढं करा. बोटांवर एक कोरा कागद ठिवला. कागद फडफड करायला लागला. गल्लीतल्या बाया मागं हात जोडून उभ्या, आन् हा म्हणतोय, हे डोळ्याचं न्हाय, थायरॉईडचं दिसतंय, रक्त तपासून घ्या. माजी थरथर बघून पाया न पडणारा तो पयला माणूस. गळा चाचपताना म्हणाला, इथं आत एक ग्रंथी असते, ती जास्त काम करायला लागली की असं होतं. त्याची बोटं माज्या गळ्यावर असताना मला रेणू आठवली. लख्ख आठवली. आता आठवली न्हाय म्हणाले तर ते खोटं.

रक्त तपासलं, तेच निघालं, गोळ्या चालू झाल्या. सासूला सांगितलं शक्तीच्या हायती. दीड-दोन महिन्यांत धडधड कमी झाली, हात थांबले. आन् नवरात्र आलं. सगळा गाव दारात, अंगात काहीच न्हाय. म्या मुद्दाम थरथरले ताई. बरी झालेली बाई आजाऱ्याचं सोंग करून बसली, आन् समोर रेणू, गळ्याला अंगारा लावून. माज्या गळ्याला डॉक्टर आन् तिच्या गळ्याला अंगारा. त्या दिशी एक शब्द बोलले असते तर.

उन्हाळ्यात पोरीचा आवाज बसला. तवा तिचा मामा जबरदस्तीनं सोलापूरला घेऊन गेला. कॅन्सरची गाठ. आवाजाच्या शिरेला घट्ट धरून बसलेली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. आता बोलते तर नुसती हवा येती.

म्या बरेच दिवस त्यांच्या दारासमोरनं जायचं टाळलं. शेवटी गेले. मुक्तावैनी ज्वारी निवडत व्हत्या, रेणू शेजारी. म्या सगळं सांगितलं, देवी न्हवती, म्याच बोलत व्हते, मला गळ्यातला आजार व्हता, ते कळल्यावर म्या गुपचूप गोळ्या घेतल्या. तर त्या माज्याच पाया पडायला वाकल्या. म्हणल्या, असं बोलू नका, तो आईचा कौल व्हता, आमच्याच नशिबात व्हतं, आता हिचं लगीन कधी जमंल तेवढं ईचारा.

तवा रेणू काहीतरी म्हणली. मुक्तावैनींना ऐकू आलं न्हाय, कान जरा जड हायती. म्हणल्या, काय म्हणती गं ही? सांगा की. म्या ऐकलं व्हतं. देवीच्या नावानं इतके दिवस माजंच बोलणारी म्या, त्या दिशी पयल्यांदा दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं माज्या तोंडानं बोलले. म्हणले, ती म्हणती, हिला ठावं व्हतं, तरी हिनं सांगितलं न्हाय.

मुक्तावैनींचा हात माज्या पायावरनं निघाला. त्या उठल्या, सूप उचललं आन् आत गेल्या. तवापासनं बोलत न्हाईत. बोलू बी नये.

सासू म्हणती, गोळ्या खाल्ल्या म्हणून आई रुसून गेली. मालक परत चप्पल घालूनच घरात येतात. अजून एखादी बाई येती, तिला म्या दवाखान्यात जा म्हणते, तर ती नाक मुरडून शेजारच्या गावातल्या बाईकडं जाती. जाऊ द्या. गोळी रोज सकाळी घेते, हात बघा, अगदी थिर हायती. रेणूचं भलं हो असं म्हणायचं तोंड मला न्हाय ताई. जाताना तिच्या दारावरनं जाल, तवा माज्याऐवजी तुमी म्हणा.