पुढच्या खांबापर्यंत

रविवारी सकाळी लातूरहून उदगीरला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर सासू-सून बसल्या होत्या. दोघींच्या गळ्यात आदल्या रात्रीच्या पाच किलोमीटर शर्यतीची मेडलं होती.

"मंजुश्री, पोटरी कशी हाय?"

"बरी हाय, आत्याबाई. तीन महिने सराव केला, आन् तिसऱ्या किलोमीटरला खाली बसले बघा."

"लई रडायलतीस."

"रडू न्हाई तर काय? ॲम्ब्युलन्समध्ये बसते म्हणलं, तर तुम्ही तिचं दारच लावून टाकलं."

"बसली असतीस तर वर्षभर मनाला लावून घेतलं असतंस."

"पण तुम्ही तर नुसतं माझ्या सोबतीला म्हणून शर्यतीत नाव दिलतं. साडी खोचून एवढं कसं पळालात? वर मला हाताला धरून, 'फक्त पुढच्या खांबापर्यंत चल' म्हणत शेवटापर्यंत आणलंत."

"शेवटी तूच मला ओढायलतीस की."

"लोक टाळ्या वाजवायलेत म्हणल्यावर अंगात जोर आला. पण ही खांबाची युक्ती कुठं शिकलात?"

"निलंग्याला, शाळेत असताना. रोज पहाटे रस्त्यानं पळायचे. लग्नाच्या आदल्या वर्षी जिल्ह्यात पहिली आलते."

"तुम्ही? मामंजींना ठाऊक हाय?"

"न्हाई. चाळीस वर्षांत कुणी विचारलंच न्हाई."

"मी विचारायले ना. सांगा सगळं."

"मग ऐक. पायात चप्पल नव्हती, आन् सगळ्या पोरी माझ्यापेक्षा उंच होत्या."

"मग?"

"मग मी पळाले."