राजदरीची पाच मिनिटं

आता मला सांगा, सत्तर किलोमीटर! कशाला, तर पाणी बघायला! ज्या माणसाच्या दारातून पायऱ्या उतरल्या की थेट गंगा, आणि पावसाळ्यात तर उतरायचीही गरज नाही, तीच चढून वर येते, त्या दुर्गाघाटावरच्या यज्ञेश्वरगुरुजींनी जीप करून राजदरीला धबधबा बघायला जायचं? का म्हणून? पाणीच ना ते?

तुम्हाला सांगतो, हेच गुरुजी सव्वीस वर्षं बायकोला ऐकवत आले होते. शरदिनीबाई माहेरच्या आंबोलीच्या. काशीत आल्यापासून दर पावसाळ्यात एकदा विचारायच्या, "अहो, इथं जवळपास धबधबा आहे म्हणे?" की गुरुजी सुरू! "अगं, अख्खी दुनिया इथं बुडी मारायला येते आणि तू इथनं उठून कुठं निघालीस? पाणीच ना ते?" त्यात गुरुजींना सवड कुठली? हिंदीवाल्यांचा सावन पंधरा दिवस आधी लागतो, आपला श्रावण पंधरा दिवस उशिरा संपतो, म्हणजे सलग दीड महिना रुद्राभिषेक! असा जबरदस्त आवाज, की पंचगंगा घाटावर संकल्प सोडला तर भोसले घाटावरचा माणूस पळीत पाणी घेईल...

आणि त्र्याण्णवच्या पावसाळ्यात काय झालं, बाईंनी विचारलंच नाही. सांगितलं! "रविवारी जायचंय. कुशलनं जीप ठरवलीय." कुशल म्हणजे मुलगा, बँकेत असतो. गुरुजी चाटच पडले. इतके, की यजमानाला स्वतः जाऊन रविवार नाही म्हणून आले.

पण वाटेत गप्प बसतील तर गुरुजी कसले? चंद्रप्रभेचं जंगल लागलं, धरणाचं हे एवढं थोरलं तळं लागलं, कुशल म्हणाला, "बाबा, बघा तरी!" तर म्हणे, "बघितलं. साठवलेलं आहे, एवढाच फरक. पाणीच ना ते?" बाई खिडकीशी. बोलल्या नाहीत, वळल्याही नाहीत. गुरुजींना वाटलं, रागावली.

आणि राजदरीला पोचले तर... अहो, काय ती गर्दी! सगळं बनारस तिथं येऊन बसलेलं! इथं गोवऱ्यांवर बाटी भाजतायत, तिथं चोख्याची, म्हणजे आपल्या भरताची, वांगी, धुराचे लोट, कुणी ढोलक बडवतंय, कॉलेजच्या पोरांनी टेप लावलाय, दुसऱ्या टोळीनं चिडून जीपच्या बॅटरीवर चक्क भोंगा लावलाय, एक पानवाला तारस्वरात ओरडतोय... आणि या सगळ्याच्या पलीकडे तो बिचारा धबधबा! कोसळतोय आपला एकटाच, मुकाट्यानं.

बाई रेलिंगला टेकून उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "दिसतोय. पण आवाज येत नाही हो."

"या गोंगाटात कुणाला येतोय! मलाही येत नाही. चल, बाट्या..."

तेवढ्यात कुशलनं त्यांना हाताला धरून बाजूला घेतलं. "बाबा, आईच्या कानाची नस सुकतेय. उजवा गेलाच. डावाही फार दिवस टिकायचा नाही, म्हणाले डॉक्टर. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीय तिनं. म्हणाली, त्याआधी एकदा धबधबा ऐकायचाय, बस्स."

गुरुजींना आत्ता उलगडलं. गेले सहा महिने घरात हाका मारून ओ येत नव्हती ती रागानं नव्हे तर! ते वरच्या पट्टीत भांडत होते आणि तिच्यापर्यंत निम्मं पोचतच नव्हतं...

मग काय! सोवळंओवळं विसरून निघाले धुरातून. टेपवाल्यांकडे गेले. "भैया, पाँच मिनट बंद करोगे?" "अरे गुरु, पिकनिक हौ, कथा थोड़े हौ!" भोंगेवाल्याकडे गेले. तो म्हणाला, पहिले उनका बंद कराइए! टेपवाला म्हणे, पहिले भोंगा! आता काय करणार? गुरुजी चढले एका खडकावर, धोतराचा सोगा खोचला, छाती भरून श्वास घेतला, आणि ज्या माणसानं सव्वीस वर्षांत चारचौघांत बायकोचा साधा उल्लेख केला नव्हता, तो माणूस सगळ्या दरीला ऐकू जाईल असा ओरडला...

"हमारी घरवाली को झरना सुनना है! उसके कान जा रहे हैं! पाँच मिनट चुप हो जाओ, भैया!"

एकदा नाही. तीनदा! तिसऱ्या खेपेला आवाज चिरकलाच.

ढोलक थांबलं. टेप बंद. भोंगेवाल्यानं तारच उपटली. पानवाला कुणा पोराला दटावत होता, "चुप बे, चाची सुनत हईं!"

आणि मग तो आला हो... धबधबा. त्या धूमधडाक्याखाली इतका वेळ दबलेला. पायांतून आला, छातीतून आला. दोन-तीनशे माणसं, हातात अर्धी बाटी, हूं की चूं नाही. शरदिनीबाईंनी डोळे मिटून डावा कान पुढे केला. गुरुजी धबधब्याकडे बघतच नव्हते. तिच्याकडे बघत होते.

पाच मिनिटांनी बाईंनी डोळे पुसले, मान हलवली आणि म्हणाल्या, "आमच्या आंबोलीचा मोठा होता."

घरी आले तेव्हा गुरुजींचा घसा पार बसलेला. सोमवारी संकल्पाला नुसती हवा! डॉक्टर म्हणाले, चार दिवस मौन. आणि इकडे बाईंचं तोंड सुटलेलं: आंबोलीचं धुकं, शाळेची वाट, धबधब्यात वाहून गेलेली चप्पल... सव्वीस वर्षांचं सगळं साचलेलं! गुरुजी समोर बसून माना डोलावतायत.

तुम्हाला म्हणून सांगतो, कुणाला बोलू नका, गुरुजींचा आवाज तिसऱ्याच दिवशी परत आला होता. पण गडी आठवडाभर बोललाच नाही. दोन यजमान गेले दुसऱ्या गुरुजींकडे. जायचेच! बायकोचं बोलणं अर्ध्यात तोडून रुद्र म्हणायला जाणार कोण?