आतल्या बाजूचं नाव

आमचं मूळ गाव विचाराल तर मला सांगता येत नाही, साताऱ्याकडचं कुठलंतरी म्हणतात, पण होळकरांच्या पलटणीबरोबर जे इकडे आले ते इकडचेच झाले, आणि आता आम्ही पक्के इंदौरी, पोह्यांवर सेव नसली तर सकाळ झाल्यासारखी वाटत नाही. मी दिगंबर जगदाळे, सगळे दिगूभिया म्हणतात, राजवाड्याच्या मागे गल्लीत घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलोय. आता घड्याळं कोण दुरुस्त करवतं हो, सेल बदला नाहीतर पट्टा छोटा करा, बस. पण तुम्ही अंगठ्यांचं विचारायला आलात, तर तेच सांगतो, फक्त मध्येच माझं डोकं फिरलं तर मनावर घेऊ नका.

तर अंगठ्या. बायकांच्या नाही, मर्दांच्या, फौजी अंगठ्या. लढाईवर गेलेले लोक परत येताना तिकडच्याच बाजारात चांदीची जाड अंगठी करवून घ्यायचे, वर पलटणीचं निशाण आणि आतल्या बाजूला, बोटाला चिकटते त्या बाजूला, नाव आणि नंबर, एकेक अक्षर ठोकून. काही अंगठ्या रिटायर होताना मिळालेल्या, काही दरबाराच्या कुठल्या समारंभात वाटलेल्या, त्यांच्यातही आत नाव असायचं. माझ्याकडे अशा एकतीस आहेत, बिस्किटाच्या डब्यात, कापसात ठेवलेल्या, आणि काय सांगू तुम्हाला, त्यातल्या चार-पाच सोडल्या तर एकीत नाव नाही. नव्हतं असं नाही हां. होतं, कापलं.

कसं कापलं ते ऐका. बाप जातो, अंगठी मुलाकडे येते, मुलाचं बोट बारीक, तो जातो सराफ्यात. सोनार अंगठी मागून कापतो, एवढासा तुकडा काढतो, दोन्ही टोकं जोडून टाका मारतो, पॉलिश करतो, हो गया. आणि नाव कुठे असतं, बरोबर तिथेच, मागे. सोनाराला काय, त्याला साइज पाहिजे, आणि मुलाला काय, त्याला चमक पाहिजे. म्हणजे बापाची निशाणी म्हणून बोटात घालायची आणि पहिलं काम काय करायचं, तर बापाचं नाव कापून सोनाराच्या पाटावर टाकून यायचं. ही अक्कल झाली का, तुम्हीच सांगा.

आणि या सगळ्यांत मोठा गाढव कोण, तर मी. आमच्या पणजोबांची अंगठी माझ्या लग्नात आईने मला दिली, ढिली होती, मी गेलो, कापून आणली. वर तो तुकडा सोनाराने इमानदारीने परत दिला तर आईने तो बायकोच्या जोडव्यांच्या चांदीत घालायला लावला. दहा वर्षांनी दुसऱ्या कुणाची अंगठी दुकानात आली, सहज भिंग लावलं, आत मागच्या बाजूला नाव, आणि मी तिथल्या तिथे बोटातली माझी अंगठी काढून भिंगाखाली धरली. माझ्या अंगठीत त्या जागी टाका होता. बायको अजून हसते, म्हणते तुमचे पणजोबा माझ्या पायात आहेत, नमस्कार माझ्याच पायाला करा. तिला हसायला काय जातं.

कारण त्यांचं नाव आम्हाला माहीतच नाही हो. आजोबा लवकर गेले, वडील मामाकडे वाढले, कागद नाही, पत्र नाही, घरात फक्त सुभेदार म्हणायचे. पितृपक्षात गुरुजी तीन पिढ्यांची नावं विचारतात, वडिलांचं सांगतो, आजोबांचं सांगतो, तिसऱ्याला अडतो. गुरुजी म्हणतात चालतं, देवाचं नाव घ्या. ते पिंड ठेवताना मला दरवर्षी इतकी चीड येते, इतकी चीड येते, म्हणजे माणूस लढाई करून जिवंत परत आला आणि मारला कुणी, तर पणतवाने, सराफ्यात. म्हणून मी अंगठ्या जमवायला लागलो. जमवायच्या म्हणजे काय, कुणाचं तरी एक नाव कापण्याआधी आपल्या हाती लागावं, एवढंच.

डब्यातल्या चार-पाच नावांना घर नाही, मागच्या थंडीत मात्र घरासकट नाव लागलं. नीलेश पवार म्हणून मुलगा, घर सांवेरचं, नोकरी विजय नगरला कम्प्यूटरच्या कंपनीत, होणाऱ्या सासरच्यांनी दिलेल्या घड्याळाचा पट्टा छोटा करायला आला. बोलता बोलता खिशातून अंगठी काढली, म्हणाला अंकल, इथून सराफ्यात जातोय, ही पण छोटी करायची आहे, साखरपुड्याला घालणार, आमच्या फौजी बाबांची आहे. मी म्हटलं फौजी बाबांचं नाव काय, तर म्हणतो फौजी बाबाच म्हणतात सगळे. भिंग लावलं. नायक सखाराम बापूजी पवार, खाली नंबर, आणि एक अक्षर उलटं ठोकलेलं. मी त्याचा हातच धरला, म्हटलं भिया, हिला कापायचं नाही. तो म्हणाला मग घालू कशी. मी म्हटलं मागून सूत गुंडाळ, चांगलं घट्ट, आपले म्हातारे तेच करायचे. हे मी सांगितलं बरं का, मी, याच तोंडाने. आणि मेण तापवून आतल्या नावाचा ठसा तेवढा घेऊन ठेवला.

त्याच्या वडिलांनी, बाळासाहेबांनी, सांवेरला बोलावलं. बसने गेलो. गव्हाला पाणी सुटलं होतं, तरी सगळे घरी थांबले होते. नीलेशची आजी, पंच्याऐंशीची असेल, फौजी बाबांची सून, तिने डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली वाचा. मी वाचलं. म्हणाली आणखी एकदा वाचा. मी परत वाचलं, आणि खोटं कशाला बोलू, मला रडू आलं, कारण ते नाव दुसऱ्याच्या पणजोबांचं होतं, माझ्या नाही.

साखरपुडा झाला, सगळं ठीक. मग आली रंगपंचमी. आता गेर, म्हणजे आमच्याकडची रंगाची मिरवणूक, निघाली की इंदौरचा मुलगा घरी बसेल का, हा मित्रांबरोबर राजवाड्यावर, टँकरमधून पाण्याचे फवारे, गुलाल, लाख माणूस, आणि याच्या बोटात अंगठी, अंगठीला सूत. सूत भिजलं, सरकलं, आणि हात वर करून नाचताना गेली. कुठे गेली त्याला कळलंसुद्धा नाही. बरं, दुसरं शहर असतं तर चार दिवस रस्त्यावर रंगाचा चिखल राहिला असता, शोधली असती, पण आपण पडलो सफाईत नंबर वन, गेर गेली की मागून गाड्या, पाणी मारून, झाडून, तासाभरात रस्ता ताटासारखा. मी संध्याकाळी वाकून वाकून नाल्यांच्या जाळ्या बघत फिरलो, पोरं विचारत होती बाबूजी, काय हरवलं.

रात्री बाळासाहेबांचा फोन. म्हणाले दिगंबरराव, राग मानू नका, पण कापली असती तर घट्ट बसली असती, आज घरात असती. खरंच आहे. कापली असती तर नाव गेलं असतं, नाही कापली तर अंगठीच गेली, आणि दोन्हीकडे शहाणपण माझंच.

मला वाटलं आता तोंड दाखवायला जागा नाही. पण परवा ते स्वतः दुकानात आले, म्हणाले तो मेणाचा ठसा आहे ना, द्या, आईने मागितलाय. आई म्हणते रडत काय बसलात, नवीन करा, आणि या वेळी नाव बाहेरून घाला, लपवायचं कशाला. मी सून, सासऱ्यांचं नाव मला तोंडाने घेता येत नाही, नातवाच्या बोटावर असलं म्हणजे ज्याला पाहिजे त्याने वाचून घ्यावं. घ्या. चाळीस वर्षं भिंग लावून बसलेल्या माणसाला जे सुचलं नाही ते घराबाहेर न पडलेल्या बाईला एका मिनिटात सुचलं. चीड पण आली आणि बरंही वाटलं.

ठसा दिला. उलटं अक्षर उलटंच ठेवायला सांगा म्हटलं. नीलेशचं लग्न वैशाखात आहे, जाणार, भरलं घर राहो त्यांचं, पोरंबाळं होवोत, सगळ्यांना ते नाव वाचता येवो. निघताना बाळासाहेब मला म्हणाले, तुम्हीही सुभेदारांचं असंच बाहेरून कोरून घ्या की. चांगल्या मनाने बोलले हो. पण बाहेरून घालायलाही आधी नाव लागतं ना.