पाहुण्याचा फोन आधी

...आणि वर मलाच विचारायचे, "शाकिरबाइके, तुमचा फोन सारखा बंद कसा लागतो हो?" मला! ज्याच्या दारात अख्ख्या कुरणाचे फोन ऊन खात पडलेले असायचे, त्याला! दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो दिवा मी आणि तो अंधारही मीच. आता हे असं कसं झालं ते नीट सांगतो, फक्त मध्ये कुणी बोलू नका, मी आधीच तापलोय.

तर झालं असं, की उन्हाळ्याच्या सुरुवातीला, आम्ही मेंढ्या घेऊन नुकतेच वर आलो होतो, तेव्हा हाना नावाची एक परदेशी बाई आमच्या तंबूत उतरली. डोंगर चढायला आलेली. अशा लोकांना मी घोड्यावरून खिंडीपर्यंत नेतो, तेवढाच माझा उन्हाळी धंदा. तर या बाईच्या पाठीवर बोचकं केवढं, गाढवही बसकण मारील, आणि त्या बोचक्यावर बांधलेली एक काळी चटई. घडी उलगडली की चार पानं. उन्हात धरायची आणि फोन लावायचा. बाई चालतेय आणि पाठीवर फोन जेवतोय! मी म्हटलं, वा! नुसतं वा म्हटलं हो, मागितली नाही. पण जाताना तिनं ती चटई माझ्या हातात ठेवली, गालाला गाल लावला आणि गेली. आमची बुरुल, म्हणजे आमचं कुटुंब, पुढचे चार दिवस चटईचं काही बोललीच नाही, गालाचंच बोलत होती... ते असो.

पहिल्याच दिवशी मी डोकं चालवलं. म्हटलं, त्या बाईच्या पाठीवर चालतं, मग आपल्या घोडीच्या पाठीवर का नाही? बांधली. घोडी दिवसभर चरली, संध्याकाळी बघतो तर फोन मेलेला. का? तर घोडी माश्यांना कंटाळून दिवसभर कड्याच्या सावलीत उभी! बुरुल म्हणाली, "तुमच्यापेक्षा तिला अक्कल आहे." मग दुसऱ्या दिवशी चटई दारासमोर गवतावर पसरली, वायर लावली आणि मेंढ्यांमागे गेलो. दुपारी येऊन बघतो तर काळी चटई पांढरी! बुरुलनं तिच्यावर कुरुत वाळत घातलेलं. दह्याचे खारट गोळे, ओळीनं, कसे छान मांडलेले! मी ओरडलो तर म्हणते कशी, "काळी आहे, सपाट आहे, तापते. आणखी कशासाठी असते ती?" तुम्हाला सांगतो, त्या खेपेचं कुरुत असं कडक वाळलं की दात पडावेत. फोन मात्र तसाच.

बरं, हे घरातलं झालं. बाहेरचं ऐका. ओढ्यापलीकडचा सातिबाल्दी कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, प्यायला म्हणून आला. आता सातिबाल्दी कुमिस प्यायला येतो यात नवल नाही, पण या खेपेला हातात फोन, आणि खिशात बायकोचा फोन, आणि मेहुण्याचा फोन! मी चटईकडे बघतो, तो चटईकडे बघतो. मग हसून म्हणतो, "सूर्य काय कुणाच्या बापाचा आहे का, बाइके?" बाइके म्हणजे दादा, दादा म्हटल्यावर झालंच! खरंय, सूर्य कुणाच्या बापाचा नाही! पण वायर? वायर कुणाच्या बापाची?

आणि आमच्यात रीत कशी, तर दारी आलेल्याच्या पुढ्यात आधी ताट, मग आपल्या. पाहुणा उपाशी बसलाय आणि यजमान जेवतोय असं झालं तर सात पिढ्या नावं ठेवतील. मग पाहुण्याचा फोन उपाशी आणि माझा जेवतोय, हे तरी कसं चालावं? वायर खुपसायला चटईला भोकं दोनच. काढली माझी वायर. आणि ही बातमी जी पसरली म्हणता! वरच्या ओढ्यावरचे आले, खालच्या चिखलातले आले, ज्यांना मी लग्नातसुद्धा बोलावलं नव्हतं तेही आले. फोन जेवेपर्यंत माणूस कुठे जाणार? तो पण जेवणार! बुरुल कणकेचे बोरसोक तळतेय, मी कुमिस ओततोय, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, सूर्य कुणाच्या बापाचा नाही.

हे सगळं मी हसत हसत सोसलं असतं. पण आमची चोल्पोन, एकुलती एक लेक, खाली नारीनला दवाखान्यात होती. पहिलं बाळंतपण. मी तिला शब्द दिला होता, "तू फोन कर, बाळाचा पहिला आवाज मीच ऐकणार." आमचा तंबू ओढ्याकाठी खोलगटात, तिथे रेंज येत नाही. रेंज वर, टेकाडावर, जिथे उमसुनाई आपांचा तंबू आहे. म्हटलं, फोन भरायचा, टेकाडावर जाऊन बसायचं. साधा बेत. तिचे दिवस भरले त्या दिवशी सकाळी माझी वायर मी स्वतः लावली आणि बुरुलला म्हटलं, "आज खुद्द खान आला तरी काढणार नाही."

खान नाही आला. उमसुनाई आपा आल्या.

सत्तरी ओलांडलेली म्हातारी, एकटीच टेकाडावरून घोड्यावर बसून आलेली. मुलगा रशियात ट्रक चालवतो. म्हातारीकडे रेंज आहे, पण फोनात जीव नाही! उतरल्या, चहा घेतला, फोन हळूच चटईशेजारी ठेवला. काही मागतच नाहीत हो! मागितलं असतं तर नाही तरी म्हणता आलं असतं. बुरुल माझ्याकडे बघतेय, मी ढगांकडे बघतोय, कारण ढग यायला लागले होते आणि दुसरं भोक बुरुलच्या नव्या कुरुतानं परवाच बुजवलं होतं. ऊन उरलं होतं एका फोनापुरतं.

काढली वायर. माझी.

आपा फोन भरून गेल्या आणि मी मेलेला फोन खिशात घेऊन मेंढ्यांमागे. इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू... खोटं कशाला बोलू, सूर्यालासुद्धा दोन शिव्या घातल्या.

आणि उन्हं उतरता उतरता टापा! म्हातारी घोडा पळवत येतेय, रुमाल सुटलेला, आणि ओरडतेय, "सुयुंचू! सुयुंचू!" आमच्यात चांगली बातमी आणणारा असं ओरडतो, आणि त्याला बक्षीस द्यावंच लागतं. जावयानं मला फोन करकरून शेवटी आपांना लावला होता. नात झाली! दोघी सुखरूप! बुरुल रडायला लागली, मी हसायला लागलो, मग मी रडायला लागलो आणि बुरुल हसायला लागली, आणि त्या भरात मी बोलून गेलो, "मागा, आपा! जे मागाल ते!"

"आधी वर चल," आपा म्हणाल्या, "लेकीशी बोल."

मी आणि बुरुल टेकाडावर गेलो. म्हातारीचा फोन कानाला लावला. चोल्पोन म्हणाली, "बाबा, ऐका," आणि मग ती रडली. ती म्हणजे बाळ. काय आवाज होता हो! माझ्या उन्हानं भरलेल्या फोनातून माझी नात रडत होती... तेवढ्यात मागून सातिबाल्दी आला धापा टाकत, "सुयुंचू, बाइके!" जावयानं त्यालाही लावला होता फोन. उशिरा आला, त्याला खिशातलं कुरुत दिलं.

मी आपांना म्हटलं, "मेंढी घ्या, आपा. चांगली निवडून घ्या."

"मेंढी धरायला माझ्यात धाव आहे का? चटई दे," आपा म्हणाल्या. "पोराचा आवाज रोज ऐकेन."

मी बुरुलकडे बघितलं. बुरुल म्हणाली, "द्या." दिली. आता शब्द दिला तर दिला.

आणि आता गंमत ऐका. मी रोज मेंढ्या सोडून टेकाडावर जातो. आपांच्या दारात चटई, चटईभोवती ही गर्दी, सातिबाल्दी सगळ्यांत पुढे. मी दिसलो की म्हातारी सातिबाल्दीची वायर ओढून काढते. का? तर तो रोजचा, घरचा झाला. मी खालून चढून आलेला पाहुणा! माझा फोन आधी! वर रेंज, वर ऊन, वर चहा आणि बोरसोक, आणि फोनात नात रडतेय. चटई माझी होती तोवर माझा फोन एकदासुद्धा भरला नाही, आणि दिली त्या दिवसापासून तो एकदासुद्धा रिकामा झाला नाही!

परवा निरोप आला, ती हाना पुढच्या उन्हाळ्यात परत येतेय म्हणे. बुरुलनं लगेच बजावलं, "अहो, तिनं दुसरी चटई दिली तर घेऊ नका. गालाचं... ते तुमचं तुम्ही बघा."