बद्द वाजलेला ठोकळा

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि एक सांगा. आपण दुसऱ्याला मापतो – पण ज्या मापानं मापतो, ते माप कोण तपासतं? काय? कुणीच नाही? मागच्या रांगेतले पाटील तर झोपलेत! असू द्या, निजलेल्यालाही पुण्य लागतं. ऐका!

हिवरवाडीच्या शाळेत जिल्ह्याहून सबनीस साहेब आले, पोरांची बुद्धी मोजायची पेटी घेऊन. पेटीत काय? एक लाकडी पाट, त्याला सात खाचा, नि सात ठोकळे. दोन मिनिटांत बसवले तर पोर हुशार. नाही तर मंद – नि आईबाप सोडून थेट जिल्ह्याच्या वसतिगृहात!

साहेबांजवळ नियमांचं पुस्तक होतं. पहिल्या आवृत्तीत एकच नियम – घड्याळ लावा, गुण द्या. मग एक पोर मठ्ठ ठरलं, नि मागाहून कळलं, त्याला दिसतच नव्हतं! दुसऱ्या आवृत्तीत आलं – आधी डोळे तपासा. मग एक पोर उपाशी निघालं. तिसरीत आलं – आधी खाऊ घाला. त्या पुस्तकात, मंडळी, एकेका नियमामागं एकेक रडलेलं पोर आहे.

आता आली तातोबा कुंभाराची सगुणा, आठ वर्षांची. तातोबा दाराशी उभा. बायकोनं बजावलेलं, पोरीला घेऊन या, नाहीतर तुम्हीही येऊ नका.

घड्याळ सुरू! पोरीनं पहिला ठोकळा उचलला नि बोटानं वाजवला. टक्! कान दिला, बाजूला ठेवला. दुसरा – टक्! अहो, कुंभाराची लेक ती! वाजवून बघितल्याशिवाय त्यांच्यात मडकं गिऱ्हाइकाच्या हाती देत नाहीत. साहेब घाई कर म्हणाले, तर ही त्यांच्याकडं अशी बघते, जणू साहेबच कच्चं मडकं खपवायला आलेत!

दोन मिनिटं संपली. सहा वाजवून झाले, बसवला एकही नाही. साहेबांनी शून्य लिहिलं. तातोबाच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि सातवा वाजला – बद्द!

सगुणा म्हणाली, "सायेब, ह्यात पाणी मुरलंय. फुगलाय ह्यो. न्हाई बसायचा."

साहेब हसले, स्वतः बसवायला गेले. बसेना! हेडमास्तरांनी मूठ मारली. बसेना! शेवटी शिपाई त्यावर उभा राहिला – पाट मोडला, ठोकळा काही बसला नाही.

साहेबांचा चेहरा उतरला. पेटी सगळा पावसाळा गळक्या कोठीत पडून होती. तिच्यावर त्यांनी एकोणीस पोरं मंद ठरवली होती, नि वर अहवालात लिहिलं होतं – यंदा पोरांची बुद्धी घटली आहे!

पण माणूस भला. शून्य खोडलं, एकोणीस पोरं घरी आणवली, नि पुस्तकाच्या चौथ्या आवृत्तीत नियम घालून घेतला – पोर तपासण्याआधी पेटी तपासा, नि पोर वेळ लावत असेल तर का, ते त्यालाच विचारा. सगुणा बापाचं बोट धरून घरी गेली.

आता वळतो तुमच्याकडं! प्रगतिपुस्तक बघून पोरावर डाफरता, सुनेच्या आमटीला नावं ठेवता – तेव्हा स्वतःच्या छातीवर एकदा बोट वाजवलंय का?

मीही वाजवलं नव्हतं. त्या एकोणिसांत एक माझा नातू होता, मंडळी. साहेबांनी एकदाच मंद म्हटलं. मी त्याच्या आधीपासून घरात रोज म्हणत होतो. तो परत आला त्या दिवशी मी छातीवर बोट वाजवलं – नि आवाज बद्द आला.